खुलभर दूध आणि तोफेचा गोळा

१

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्यामधली सीमारेषा कोठे ओढावयाची, हा प्रश्न वरवर पाहता ग्रंथपालाचा आहे. पुस्तक कोणत्या कपाटात लावायचे एवढे ठरले की त्याचे काम भागते. यंत्र दिसले की इकडचे कपाट, मंत्र दिसला की तिकडचे. मला मात्र हा प्रश्न कपाटापुरता वाटत नाही. गेली कित्येक वर्षे मी शाळेत मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन्ही धंद्यांत माणसांना गोष्टी सांगाव्या लागतात; आणि गोष्ट सांगणारा ऐकणाऱ्याला न बोलता जे वचन देतो ते कोणते, ही टोचणी दोन्हीकडे सारखीच असते. परी येणार असेल तर ती येईल असे एक वचन असते, आणि परी येणार नाही असे दुसरे. ह्या दोन वचनांची गल्लत झाली तर काय होते, हा खरा प्रश्न आहे, आणि तो नीतीचा प्रश्न आहे असे मी मानतो.

यंत्र आणि मंत्र ही कसोटी किती तकलादू आहे हे पाहावयाचे असेल तर ज्या दोघांना विज्ञानकथेचे जनक म्हणतात त्यांच्यातलाच वाद पाहावा. ज्यूल व्हर्नने १८६५ साली आपली माणसे चंद्राकडे धाडली ती तोफेतून. फ्लॉरिडाच्या जमिनीत नऊशे फूट लांबीची उभी नळी ओतून काढली, तिच्यात स्फोटक कापूस ठासला, पोकळ गोळ्यात तीन माणसे बसवली आणि बत्ती दिली. एच. जी. वेल्सने १९०१ साली माणसे चंद्रावर नेली ती एका कल्पित द्रव्याच्या साहाय्याने. त्या द्रव्याचा पडदा मध्ये धरला की गुरुत्वाकर्षण अडते, अशी त्याची कल्पना. १९०३ सालच्या एका मुलाखतीत व्हर्न ह्यावर नाराज झालेला दिसतो. आपण पदार्थविज्ञानाचा आधार घेतो आणि हा गृहस्थ नवे द्रव्यच कल्पून मोकळा होतो. असे द्रव्य असेल तर आणून दाखवा, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता.

आता व्हर्नची ही ऐट त्याच्याच तोफेवर तपासून पाहू. त्याला मॅट्रिकचे गणित पुरते, आणि माझ्यापाशी तेवढेच आहे. सेकंदाला सुमारे अकरा किलोमीटर हा वेग नऊशे फुटांच्या नळीत मिळवावयाचा म्हटले, तर नळीतून बाहेर पडेपर्यंत आतल्या माणसांवर येणारा भार त्यांच्या वजनाच्या वीस हजार पटींहून अधिक भरतो. साठ किलोचा माणूस तेवढ्या क्षणापुरता बारा लाख किलोंचा होतो! व्हर्नने गोळ्याच्या तळाशी पाण्याची गादी घातली होती खरी. पण असल्या भाराखाली पाण्याची गादी काय आणि मऊ कापसाची काय, प्रवाशांचे पीठच व्हावयाचे. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने वेल्सच्या प्रवाशांप्रमाणेच व्हर्नचे प्रवासीही पृथ्वी सोडून जिवंत जात नाहीत. तरीही ह्या दोन्ही पुस्तकांना कुणी परीकथा म्हणत नाही. तेव्हा कथेतले विज्ञान अचूक असणे ही काही विज्ञानकथेची खूण ठरत नाही.

दुसरी एक कसोटी सांगतात. अद्भुतकथेत काहीही चालते, विज्ञानकथेला नियम पाळावे लागतात. ज्याने लहानपणी वेताळपंचविशी वाचली आहे तो असे कधी म्हणणार नाही. विक्रमाने उत्तर ठाऊक असून दिले नाही तर त्याच्या डोक्याची शकले व्हावयाची, आणि तोंड उघडले तर वेताळ पुन्हा झाडावर लटकावयाचा. ह्याहून कडक नियम न्यायालयातही सापडणार नाही. टोल्किनसारख्या अद्भुतकथेच्या जाणत्या लेखकानेही हेच सांगितले आहे, की कल्पिलेल्या जगाला आतून सुसंगती नसेल तर वाचकाचा विश्वास तत्काळ तुटतो. नियम दोन्हीकडे असतात. प्रश्न आहे तो नियमांच्या जातीचा.

२

ही जात ओळखावयास मला परदेशी ग्रंथांपेक्षा घरातली एक कहाणी अधिक उपयोगी पडली. श्रावणातल्या सोमवारी आपल्याकडे बायका खुलभर दुधाची कहाणी सांगतात. राजाने दवंडी पिटवली, की महादेवाचा गाभारा दुधाने भरावयाचा आहे. घरोघरचे सगळे दूध देवळात आणून ओता. धाकापोटी लोकांनी पोरांच्या तोंडचे दूध काढले, वासरांना पाजले नाही, आणि सारे गाव गाभाऱ्यात रिते केले. गाभारा काही भरला नाही. दुपार टळल्यावर एक म्हातारी आली. तिने घरातल्या पोरांना पाजले होते, वासरांना सोडले होते, लेकीसुनांचे पोट भरले होते. उरलेले खुलभर दूध तिने श्रद्धेने ओतले आणि गाभारा काठोकाठ भरला.

ह्या कहाणीत नियम अगदी चोख आहे. गाभारा हे एक भांडे आहे. परंतु ते भांडे दुधाचे माप घेत नाही, देणाऱ्याच्या मनाचे माप घेते. गावभरच्या घागरींमागे उपाशी वासराचा हंबर आहे हे त्या दगडी खोलीला कळते. म्हातारीच्या खुलभर दुधामागे कुणाचा तळतळाट नाही, हेही कळते. अद्भुत ते हेच आहे. दूध वाढले हा झाला परिणाम; खरा चमत्कार असा, की सृष्टीला माणसाचे अंतःकरण वाचता आले.

कुणी म्हणेल, अद्भुतकथेत दुष्टांनाही वर मिळतात. मग मनाचे माप कोठे राहिले? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याने मुद्दा अधिक स्वच्छ होतो. हिरण्यकशिपूचा वर घ्या. घरात नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. हा वर म्हणजे एक वाक्य आहे. सारी सृष्टी त्या वाक्याला बांधली गेली आहे आणि शेवटी त्याचा वध होतो तोही वाक्याच्या फटीतून: उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, नरसिंहाच्या नखांनी. एखाद्या निष्णात वकिलाने दस्तऐवज वाचावा तसे त्या जगाने ते वाक्य वाचले. शाप, वर, व्रत, नवस, नाव, शपथ, उःशाप, ह्या सगळ्या भाषेच्या गोष्टी आहेत. अद्भुतातल्या सृष्टीला भाषा कळते. ती सज्जनांची बाजू नेहमी घेतेच असे नाही; पण तिला सांगितलेले समजते, आणि सांगणारा कोण हेही समजते.

विज्ञानकथेतली सृष्टी नेमकी येथे बहिरी असते. व्हर्नची तोफ चुकीची का असेना, ती तोफ आहे. तिच्यात कोण बसले आहे हे तिला ठाऊक नाही. आत साधू बसवा नाहीतर चोर बसवा, गोळा तेवढ्याच वेगाने जाईल आणि तेवढ्याच जोराने आदळेल. वेल्सच्या द्रव्याचेही तसेच. ते कोठे मिळत नसेल, पण कथेत ते एकदा तयार झाल्यावर ज्याच्या हाती पडेल त्याला उचलते. शोधकाची तपश्चर्या किंवा त्याचे कूळ पाहत नाही. म्हणून वेल्सचे द्रव्य खोटे असूनही त्याची कथा विज्ञानकथाच राहते.

आर्थर क्लार्कचे एक मत फार प्रसिद्ध आहे. तंत्रविद्या पुरेशी पुढे गेली म्हणजे ती जादूहून वेगळी ओळखता येत नाही, असा त्याचा आशय. पाहणाऱ्याच्या अचंब्यापुरते ते खरे आहे. माझ्या आजीच्या आजीला आजचा मोबाइल दाखवला असता तर तिने त्याला हात जोडले असते. परंतु चार दिवस वापरल्यावर तिच्या एक गोष्ट ध्यानात आली असती. हा डबा पतिव्रतेला आणि कुलटेला सारखाच बोलतो. उपास केला म्हणून जास्त चालत नाही आणि वसा टाकला म्हणून बंद पडत नाही. जादूच्या अंगठीचे असे नसते. अंगठीला धनी ठाऊक असतो.

ही कसोटी लावली की कपाटांची मांडणी थोडी हलते. अवकाशयाने आणि प्रकाशाच्या तलवारी असूनही ‘स्टार वॉर्स’ हा १९७७ सालचा गाजलेला चित्रपट माझ्या मते अद्भुतकथेकडे जातो; कारण तिथली मूळ शक्ती माणसाच्या क्रोधाला आणि शांतीला ओळखते, आणि बापाकडून मुलाकडे रक्तातून उतरते. उलट एक जुनी कथा अशी आहे, की जिच्यात चक्क पिशाच्च आहे आणि तरीही ती विज्ञानकथेची पणजी शोभावी. तिची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळे एका म्हातारीच्या जिवाशी खेळ झाला.

३

योहानेस केप्लर म्हणजे ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे दाखवून देणारा ज्योतिर्विद. १५९३ साली, विद्यार्थी असतानाच, त्याने एक प्रश्न घेतला होता: चंद्रावर उभे राहून पाहिले तर आकाश कसे दिसेल? १६०९ च्या सुमारास त्याने ह्या प्रश्नाला गोष्टीचे रूप दिले आणि तिचे नाव ठेवले ‘स्वप्न’. आइसलंडमधला एक मुलगा आहे. त्याची आई झाडपाल्याच्या पुरचुंड्या खलाशांना विकते आणि तिला एक पिशाच्च वश आहे. ते पिशाच्च मायलेकांना चंद्रलोकाचे वर्णन ऐकवते.

हे पिशाच्च मोठे विलक्षण आहे. त्याला सावलीतूनच जाता येते. म्हणून ग्रहणात पृथ्वीची छाया चंद्राला भिडते तेव्हाच प्रवास घडतो, आणि तो चार तासांत उरकावा लागतो. प्रवाशाला निघतानाचा हिसका बंदुकीच्या दारूने उडवल्यासारखा बसतो, म्हणून त्याला अफूने गुंगी आणून, हातपाय नीट आवरून न्यावे लागते. वर हवा विरळ, म्हणून नाकाशी ओला स्पंज धरावा लागतो. व्हर्नच्या आधी अडीचशे वर्षे केप्लरला त्या हिसक्याची काळजी पडली होती! आणि चंद्रावर पोचल्यानंतर तर पिशाच्च बाजूलाच राहते. तिथला दिवस आपल्या पंधरवड्याएवढा आणि रात्रही तेवढीच. चंद्राच्या एका अर्ध्या भागावरून पृथ्वी आकाशात एकाच जागी टांगलेली आणि स्वतःभोवती फिरताना दिसते. दुसऱ्या अर्ध्यावरच्या लोकांना ती जन्मात दिसत नाही. आणि ह्या सगळ्यांना वाटते, की आपण स्थिर आहोत व बाकीचे विश्व आपल्याभोवती फिरते आहे. हे वाचणाऱ्याच्या मनात आपोआप यावे, की मग आपणही तसेच फसलो नसू कशावरून? केप्लरला कोपर्निकसचा पक्ष मांडावयाचा होता, आणि त्यासाठी त्याने वाचकाला चंद्रावर नेऊन उभे केले. पिशाच्च म्हणजे केवळ भाड्याचा टांगा. टांगा जादूचा आहे, पण जेथे तो नेऊन सोडतो तेथली सृष्टी कुणाचेही नाव विचारीत नाही.

ही गोष्ट छापली गेली नव्हती. तिच्या हस्तलिखित प्रती १६११ च्या सुमारास हातोहात फिरू लागल्या. १६१५ साली केप्लरची आई काथारिना हिच्यावर चेटकीण असल्याचा आळ आला. ती खरोखरच झाडपाल्याची औषधे देत असे, आणि तिचा मुलगा खरोखरच ज्योतिषी होता. गोष्टीत एक विनोदही होता, की चंद्रप्रवासाला वाळक्या म्हाताऱ्या फार चांगल्या, कारण रात्री बोकडावर बसून फिरण्याची त्यांना सवय असते. तो विनोद वाचून कोण हसले असेल आणि कोणाचे डोळे बारीक झाले असतील, ह्याची कल्पना करता येते. खटल्याचे मूळ गावातल्या भांडणांत आणि हेव्यादाव्यांत होते. परंतु आपल्या गोष्टीने त्यात तेल ओतले असा सल केप्लरच्या मनात राहिला, आणि पुढे त्याने गोष्टीला जोडलेल्या टिपांत तो बोलूनही दाखवला.

१६२० साली सत्तरी उलटलेल्या ह्या बाईला अटक झाली. साखळदंड घालून तिला चौदा महिने कोंडले. केप्लर स्वतःचे काम टाकून तिच्या बचावासाठी धावला आणि एकेका आरोपाला कारण व प्रमाण मागत त्याने लेखी उत्तर दिले. अखेरीस तिला छळाची हत्यारे दाखवून कबुलीजबाब मागण्यात आला. तिने दिला नाही. १६२१ च्या ऑक्टोबरात ती सुटली आणि पुढच्या एप्रिलात वारली. केप्लर त्यानंतर वर्षानुवर्षे त्या छोट्याशा गोष्टीला टिपा लिहीत राहिला. त्या एकंदर २२३ आहेत, म्हणजे मूळ गोष्टीहून टिपाच लांब. गोष्ट छापून निघाली १६३४ साली, त्याच्या मृत्यूनंतर.

ह्या टिपांचा मी नेहमी विचार करतो. गोष्टीला टीप लावणे हे लेखकाला फारसे शोभत नाही. पण केप्लर काय करीत होता? हे पिशाच्च म्हणजे ज्योतिषशास्त्र, हा स्पंज म्हणजे विरळ हवेचा विचार, अशा रीतीने तो वाचकाला परत परत सांगत होता, की बाबांनो, मी दिलेले वचन कोणते ते नीट पाहा. ज्या समाजात गोष्टीतली चेटकीण आणि शेजारची म्हातारी ह्यांतला फरक लोक विसरले होते, तिथे हा फरक सांगण्याची किंमत त्याला आईच्या साखळदंडांवरून कळली होती. अद्भुतकथा घातक नसते. अद्भुतकथेचा कायदा रस्त्यावर लागू केला म्हणजे माणसे जळतात. कुणाची गाय आटली, कुणाचा पाय लुळा पडला, की ‘कुणाच्या मनात वाईट होते’ असे विचारणे हा कहाणीचा न्याय आहे. आपल्या देशातही डाकीण ठरवून बायकांना मारल्याच्या बातम्या अजून येतात, त्या ह्याच न्यायाने.

४

इथवर वाचून कुणाला वाटेल, की मी विज्ञानकथेला सत्याच्या आणि अद्भुताला भ्रमाच्या पारड्यात टाकतो आहे. तसे नाही. विज्ञानकथेचे स्वतःचे एक पाप आहे आणि ते अधिक सभ्य दिसते म्हणून अधिक धोक्याचे आहे.

१९५४ साली ‘ॲस्टाउंडिंग’ ह्या अमेरिकन मासिकात टॉम गॉडविन ह्याची एक कथा आली. तिच्या नावाचा अर्थ ‘थंड समीकरणे’. एका दूरच्या ग्रहावर सहा माणसे तापाने मरू घातली आहेत. त्यांच्यासाठी लस घेऊन एक लहानसे यान निघाले आहे. यानात एका चालकापुरते मोजून इंधन आहे. अठरा वर्षांची एक पोर भावाला भेटण्याच्या ओढीने त्यात लपून बसते. पकडली गेलो तर दंड भरू, एवढीच तिची समजूत. चालकाला ती सापडते. तिच्या वजनाने यान उतरताना कोसळणार; म्हणजे ती, चालक आणि ते सहा जण, सगळेच जाणार. वाचक वाट पाहतो, की आता काही तोडगा निघेल. तोडगा निघत नाही. पोर घरी पत्र लिहिते, भावाशी दोन शब्द बोलते आणि दारातून बाहेरच्या पोकळीत जाते.

ही कथा म्हणजे खुलभर दुधाच्या कहाणीचे दुसरे टोक आहे. पोर निष्पाप आहे, तिचे मन म्हातारीएवढेच निर्मळ आहे. पण इंधनाच्या टाकीला ते कळत नाही. विज्ञानकथेतली सृष्टी कशी असते हे इतक्या निष्ठुरपणे फार थोड्या कथांनी सांगितले असेल. म्हणूनच ती इतकी वर्षे वाचली जाते.

परंतु दुसऱ्यांदा वाचताना काही प्रश्न डोके वर काढतात. एका थेंबाचीही शिल्लक न ठेवता यान पाठवावे, हे कोणी ठरवले? जिथे चुकून शिरणाऱ्याला मरण आहे त्या दाराला कुलूप का नव्हते, नुसती पाटी का होती? आत शिरू नये एवढेच त्या पाटीवर होते; शिरल्यास मरण आहे हे लिहावयास कोणाचे हात दुखले होते? निघण्यापूर्वी कोणी आत डोकावून का पाहिले नाही? ह्यांपैकी एकही गोष्ट समीकरणाने ठरवलेली नाही. त्या कुठल्या तरी कचेरीत, कुठल्या तरी माणसांनी ठरवल्या. कथा सांगते, की निसर्गाने मुलीला मारले. मला दिसते, की काटकसर करणाऱ्या माणसांनी मारले आणि निसर्गाला पुढे केले. विज्ञानकथेचे पाप ते हे. माणसाच्या निर्णयाला ती निसर्गनियमाचा मुखवटा चढवते.

अद्भुतकथेचेही पाप ह्याच जातीचे आहे. मुखवटा तेवढा निराळा. तिथे माणसाच्या निर्णयावर दैव, शाप, पूर्वजन्म किंवा राजरक्त ह्यांचे पांघरूण पडते. गादीवर कोणी बसावे हे माणसांनी ठरवलेले असते, आणि कथा म्हणते, हत्तिणीने माळ घातली. दोन्हीकडे चलाखी एकच. ‘मी केले’ हे वाक्य लपवावयाचे.

ह्या गोष्टी कागदावरच राहतात असे समजू नये. २८ जानेवारी १९८६ रोजी सकाळी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उडाले आणि ७३ सेकंदांत फुटले. सातजण गेले. त्यांत क्रिस्टा मकॉलिफ ही एक शाळेतली शिक्षिका होती. अवकाशातून मुलांना धडे देणार होती. आदल्या रात्री काही अभियंत्यांनी बजावले होते, की एवढ्या थंडीत रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्या ताठरतील आणि धग बाहेर पडेल. त्यांचे म्हणणे वरिष्ठांनी बाजूला सारले. पुढे चौकशी समितीवरचे पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन ह्यांनी असल्याच रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांसमोर दाखवला. चिमट्यातून सोडल्यावर तो लवकर पूर्ववत होईना. रबराला वेळापत्रक समजत नव्हते. त्याला अहवालांची भाषा समजत नव्हती, आणि त्या शिक्षिकेकडे देशातली मुले डोळे लावून बसली आहेत हेही समजत नव्हते. समजण्याचे काम माणसांचे होते.

५

आपल्याकडे ह्या दोन वचनांची गल्लत एका खास ठिकाणी होते आणि ते ठिकाण म्हणजे पुष्पक विमान. २०१५ च्या जानेवारीत मुंबईस भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. वस्तुतः त्या प्रश्नाचा निकाल फार पूर्वीच लागला होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ साली ‘वैमानिक शास्त्र’ ह्या ग्रंथाची शांतपणे तपासणी केली होती. ग्रंथ १९०४ च्या अलीकडचा आहे आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी मांडला होता.

ह्या गल्लतीने विज्ञानाचे नुकसान होते हे सगळेच सांगतात. मला हळहळ वाटते ती पुष्पकाची. ते विमान मालकाच्या मनाप्रमाणे चालते. म्हणजे त्याला मन कळते. ते अद्भुतातले आहे आणि तेथेच त्याला अर्थ आहे. ते कुबेराचे होते, रावणाने बळाने हिरावले, आणि अयोध्येस पोचल्यावर रामाने ते कुबेराकडे परत धाडले. युद्ध जिंकलेल्या माणसाच्या हाती अशी वस्तू येते आणि तो म्हणतो, ही माझी नव्हे. सारे मर्म त्या परत धाडण्यात आहे. पुष्पकाला इंजिन बसवले की आपण विचारू लागतो, इंधन कोणते आणि वेग किती. परत धाडल्याची गोष्ट मग कोणाच्या लक्षात राहते? कवितेचे लोखंड करावयाचे आणि त्या लोखंडालाही गंज लागलेला, असा हा दुहेरी तोटा.

योगायोग असा, की त्याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ह्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. मागाहून कळले, की हे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर भार पडू नये एवढाच त्यात हेतू. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले, तेव्हा मला त्यांच्या अनेक गोष्टींपैकी ही आठवली. सृष्टी जशी नाव न विचारता तपासते, तशीच आपली कथा तपासली जावी, हा एका वैज्ञानिकाचा आग्रह होता. विज्ञानकथेचे सारे शील ह्या लहानशा कृतीत मला दिसते.

वर्गात मी दोन्ही जातींच्या गोष्टी सांगतो. “सर, हे खरं असतं का?” असे मुले विचारतातच. हो किंवा नाही असे उत्तर मी देत नाही. मी त्यांना उलट विचारतो, “ह्या गोष्टीतल्या जगाला तू कोण आहेस हे ठाऊक आहे का?” मुले क्षणभर विचार करतात आणि बहुधा बरोबर सांगतात. अल्लाउद्दिनाच्या गुहेला ठाऊक आहे. तोफेला ठाऊक नाही. ह्याच्या पुढचा प्रश्न मी थोड्या मोठ्या मुलांना घालतो: “मग ज्या जगात आपण राहतो, त्याला ठाऊक आहे का?” ह्यावर वर्ग गप्प होतो. ज्या मुलाचा बाप अपघातात गेला आहे किंवा ज्याच्या शेतावर ऐन काढणीला गारा पडल्या आहेत, त्याला ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा आधी मिळालेले असते. आपल्या हातून काय पाप झाले असेल, म्हणून गारा पडल्या, असे त्याला घरात कुणी ऐकवलेलेही असते. त्या मुलाला सृष्टी बहिरी आहे हे सांगणे ही दया आहे. गारांना तुझा बाप ठाऊक नव्हता, बाळ. त्यांनी कुणाला शिक्षा केली नाही.

परंतु एवढे सांगून थांबलो तर मी अर्धेच शिकवले. सृष्टीला आपले नाव ठाऊक नाही. म्हणूनच ते शेजाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. म्हातारीने आधी पोरांना पाजले, वासरांना सोडले आणि मग उरलेले दूध घेऊन ती निघाली. गाभारा भरला हा भाग काढून टाकला तरी तिने केलेले तसूभरही कमी होत नाही. अद्भुतकथा खोटी ठरत नाही ती ह्यामुळे. आपण एकमेकांशी कसे वागावे, हे ती सांगत असते, आणि ते बिंबावे म्हणून सृष्टीला साक्षीला उभी करते. साक्षीदार खोटा असेल. साक्ष खरी आहे.

आणि त्या यानातल्या पोरीचे काय? समीकरणाला करुणा येत नाही हे मान्य. पण समीकरण मांडण्याआधी मांडणाऱ्याला ती येऊ शकते. पूल बांधणारा अभियंता हिशेबाने लागते त्याहून अधिक ताकदीची तुळई घालतो, आणि बोटीवर सगळ्यांना पुरून उरतील इतके जीवरक्षक पट्टे ठेवतात. हे जास्तीचे कोणासाठी असते? जो अजून आलेला नाही, ज्याचे नाव कोणास ठाऊक नाही, जो चुकून दार उघडून आत शिरेल, त्याच्यासाठी. टाकीत मोजमापापेक्षा खुलभर इंधन जास्त ठेवले असते तर ती पोर भावाला भेटली असती. सृष्टी ते इंधन आपण होऊन वाढवणार नाही. ते आपणच आधी, पोराबाळांची आठवण ठेवून, घालावयाचे असते.